तोफांचे मैदान आणि बायस्कोपचा तंबू

कोलकात्याच्या नव्या फोर्ट विल्यमवर शत्रू कधी चालून आला नाही. १७५६ मध्ये सिराज-उद्दौलाने ईस्ट इंडिया कंपनीचा जुना किल्ला घेतला होता. त्या पराभवातून धडा घेऊन रॉबर्ट क्लाइव्हने १७५८ मध्ये हुगळीच्या काठी, जुन्या जागेच्या दक्षिणेला, नव्या किल्ल्याचे काम काढले. ते पुरे व्हायला १७८१ साल उजाडले. तोफांच्या माऱ्यात काही आडवे येऊ नये म्हणून भोवतालचे रान तोडले, गोविंदपूर गावातली वस्ती उठवली. अशी जी विस्तीर्ण मोकळी जागा तयार झाली तिला कोलकातेकर नुसते ‘मैदान’ म्हणतात. लढाईची वेळ आली नाही, मैदान मात्र राहिले. ते आजही लष्कराच्या ताब्यात आहे आणि तिथे पक्के बांधकाम सहजासहजी करता येत नाही. मोहन बागानसारख्या शंभर वर्षांहून जुन्या फुटबॉल क्लबांच्या तिथल्या ठिकाणांनाही लोक अजून ‘टेंट’ म्हणतात.

मराठी वाचकाला या किल्ल्याशी आता नवे नाते जोडता येते. अलीकडेच लष्कराने त्याचे नाव ‘विजय दुर्ग’ केले, ते सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या विजयदुर्गाची आठवण ठेवून. त्याच्या सेंट जॉर्ज दरवाजाला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. या प्रकरणात मात्र आपल्याला किल्ल्याबाहेर, मैदानावर जायचे आहे. तोफांसाठी राखलेल्या त्या जागेत १९०२ साली एक तंबू लागला आणि भारतातल्या सिनेमाच्या धंद्याने तिथे मूळ धरले. टेलिव्हिजन येण्याच्या कितीतरी आधी ‘पुढे काय होणार’ या एका प्रश्नापायी लाखो माणसे पुन्हा पुन्हा पडद्यासमोर येऊन बसू लागली. त्या सवयीची ही हकिकत.

एक रुपयापासून चार आण्यांपर्यंत

भारतात चलचित्र प्रथम दिसले ते मुंबईत. ७ जुलै १८९६ रोजी काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या माणसांनी पहिला खेळ केला. तिकीट होते एक रुपया. त्या काळी ही रक्कम फक्त साहेबाला आणि श्रीमंताला परवडणारी होती. आठवडाभरातच हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि तिथे दोन रुपयांपासून चार आण्यांपर्यंत दर लागले. पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळ्या बैठकी राखल्या गेल्या. सिनेमाचा पुढचा सगळा इतिहास या दरपत्रकात बीजरूपाने आहे. चार आणेवाला आत आला आणि सिनेमा त्याचा झाला.

त्या सुरुवातीच्या प्रेक्षकांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, होते. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये कुस्तीचे चित्रण केले. १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हाच्या स्वागताचेही त्यांनी चित्रीकरण केले. तिकडे कोलकात्यात हिरालाल सेन यांनी १८९८ मध्ये रॉयल बायस्कोप कंपनी काढली आणि क्लासिक थिएटरातल्या नाटकांमधले प्रवेश कॅमेऱ्यात टिपले. हे दोघेही हाडाचे छायाचित्रकार. चित्र पकडण्याचे वेड त्यांना होते. पण त्या वेडाचा रोजचा, गल्ला मोजणारा व्यवसाय केला तो तिसऱ्याच माणसाने.

जमशेटजी फ्रामजी मदन हे मुंबईचे पारशी. पोरवयातच ते नाटक मंडळीत कामाला लागले, पुढे विलायती खाद्यपदार्थ आणि मद्याच्या व्यापारात शिरले. लष्कराला माल पुरवून त्यांनी पैसा कमावला आणि कोलकात्यात बस्तान बसवले. नाटकाचा प्रेक्षक आणि बाजाराचा हिशेब, या दोन्हींची त्यांना जाण होती. १९०२ मध्ये त्यांनी फ्रान्सच्या पाथे कंपनीची यंत्रे आणि रिळे घेतली, एल्फिन्स्टन बायस्कोप कंपनी काढली आणि मैदानावर तंबू ठोकून खेळ सुरू केले.

जागा अचूक होती. मैदानाच्या एका अंगाला किल्ला आणि त्यातले गोरे शिपाई. दुसऱ्या अंगाला चौरंगीचा झगमगता रस्ता, साहेबांची हॉटेले आणि दुकाने. संध्याकाळी हवा खायला येणारा बंगाली भद्रलोक, त्याच्यामागे कारकून, विद्यार्थी, खानसामे, गाडीवान. एवढ्या निरनिराळ्या थरांतली माणसे एका छताखाली बसतील असे नाट्यगृह शहरात नव्हते. तंबूला मात्र पायऱ्या नव्हत्या, कमान नव्हती, दारावर कोणाला बुजायला होईल असे काही नव्हते.

तंबूतली रात्र

तंबू आपल्याकडे नवा नव्हता. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये भारतीय सर्कशीचा पाया घातला तेव्हापासून गावोगावच्या लोकांना कनातीचे दार, तिकिटाची खिडकी आणि बाहेर वाजणारा बँड ठाऊक झाला होता. बायस्कोपवाल्यांनी ती सगळी रीत उचलली.

अब्दुलअली यूसुफअली हे अशा फिरत्या सिनेमाचे मोठे नाव. १९०१ ते १९०७ या काळात ते आपला तंबू घेऊन सिंगापूर, जावा, ब्रह्मदेश, सिलोन असे फिरले आणि नंतर काही वर्षे भारतभर. त्यांचा तंबू १०० फूट लांब आणि ५० फूट रुंद होता, चार खांबांवर उभा राहायचा आणि त्यात हजारभर माणसे मावायची. एका खेळात ४० ते ५० लहान लहान चित्रे दाखवली जात. प्रत्येक चित्र १०० ते २०० फुटांचे. हे फूट मिनिटांत मोजून पाहावेत. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी असतात. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चौकटी फिरवत, म्हणजे एका सेकंदाला एक फूट. २०० फुटांचे चित्र तीन-साडेतीन मिनिटांत संपे. आगगाडी येई, राणीची स्वारी जाई, जादूगार बाईला अदृश्य करी, बोअर युद्धातले सैनिक चालत जात आणि लगेच पुढचे चित्र.

यंत्र हाताने फिरवावे लागे. ऑपरेटरचा हात थकला की पडद्यावरचा माणूस रेंगाळे आणि त्याला घाई झाली की मिरवणूक पळत सुटे. वीज नसेल तिथे चुन्याच्या कांडीवर वायूची ज्योत सोडून प्रखर उजेड काढत. फिल्म नायट्रेटची. ती इतकी ज्वालाग्राही की एकदा पेटली तर पाण्यातही विझत नाही. १८९७ मध्ये पॅरिसच्या एका धर्मादाय जत्रेत सिनेमाच्या दिव्यापासून आग लागून शंभरावर माणसे गेली होती. तंबूत कापड, बांबू, दोर आणि भोवती हजार माणसे असत. हा धोका जाणूनच १९१८ मध्ये सरकारने सिनेमॅटोग्राफ कायदा केला. आगीपासूनची सुरक्षितता आणि सेन्सॉर, हे दोन्ही विषय त्या एकाच कायद्यात आले.

पडदा मुका होता, तंबू कधीच मुका नव्हता. पडद्याच्या बाजूला पेटी-तबला असे. कोणी चांगल्या आवाजाचा गृहस्थ उभा राहून ‘आता हा दुष्ट सावकार येत आहे’ असे मोठ्याने सांगे. इंग्रजी पाट्या वाचता येणाऱ्यांची संख्या फार थोडी. एकाने वाचायचे आणि भोवतालच्या दहा जणांनी ऐकायचे. लहान मुले विचारत, म्हातारी माणसे पुन्हा विचारत. सिनेमा ही सामुदायिक गोष्ट झाली ती या गलक्यामुळे.

विकत घेतलेले रीळ, भाड्याचे रीळ

तंबू फिरता का असे? सुरुवातीला रिळे विकत घ्यावी लागत. तीच ती चित्रे एका गावात आठ-पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालत नसत. प्रेक्षक संपले की गाव बदलायचे, एवढाच उपाय होता.

१९०७ च्या सुमारास पाथे कंपनीने जगभर रिळे विकणे थांबवून ती भाड्याने द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी तिने भारतात कचेरी उघडली. चित्रे दर आठवड्याला बदलता येऊ लागली आणि गणित पालटले. आता प्रेक्षक शोधत हिंडण्याऐवजी एका जागी थांबून त्याच प्रेक्षकाला पुन्हा बोलावता येणार होते. मदन यांनी १९०७ मध्येच कोलकात्यात, मैदानापासून हाकेच्या अंतरावर, एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेस हे कायमचे चित्रपटगृह उभारले. पुढे त्याचे नाव मिनर्व्हा झाले, नंतर चॅप्लिन. १९१९ मध्ये मदन थिएटर्स लिमिटेड कंपनी झाली आणि तिच्या भरभराटीच्या काळात भारत, ब्रह्मदेश आणि सिलोन मिळून शंभरावर चित्रपटगृहे तिच्या हाताखाली होती. इकडे पुण्यात मंडईजवळ १९१५ मध्ये गंगाधरपंत पाठकांनी आर्यन सिनेमा सुरू केला. १९२० मध्ये बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ तिथेच प्रथम लोकांसमोर आला. हुबळीत पत्र्याच्या सिनेमागृहात शांताराम वणकुद्रे नावाचा मुलगा दारावर उभा राहून रोजचे खेळ फुकट बघत होता. पुढे जग त्याला व्ही. शांताराम म्हणून ओळखू लागले.

एकच रीळ विलायतेत झिजून मुंबई-कोलकात्याच्या बड्या थिएटरात येई, तिथून जिल्ह्याच्या गावी आणि शेवटी जत्रेतल्या तंबूत. तोवर त्यावर इतके ओरखडे पडलेले असत की प्रत्येक प्रसंगात पाऊस पडताना दिसे. त्या पावसातून बघायची लोकांना सवय झाली. पण कायमचे थिएटर झाले की मालकापुढे नवा प्रश्न येतो: या आठवड्याला आलेला माणूस पुढच्या आठवड्याला परत यावा कसा? त्याचे उत्तर अमेरिकेहून आले.

भागाभागाने

१९१३ च्या अखेरीस अमेरिकेतल्या सेलिग कंपनीने ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ कॅथलिन’ नावाची १३ भागांची चित्रमालिका काढली. तीच गोष्ट ‘शिकागो ट्रिब्यून’ वर्तमानपत्रात ओळीने छापली जात होती. वाचक थिएटरात जाई आणि प्रेक्षक वर्तमानपत्र विकत घेई. आपल्या दृष्टीने आणखी लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की या कथेची नायिका भारतात येते. एका काल्पनिक संस्थानाची गादी तिच्या वाट्याला येते आणि ती वाघ-सिंहांच्या तोंडातून सुटत राहते. चित्रीकरण झाले कॅलिफोर्नियात, कंपनीच्या स्वतःच्या प्राणिसंग्रहालयातल्या जनावरांवर.

पुढच्या वर्षी पाथेची ‘द पेरिल्स ऑफ पॉलीन’ आली. २० भाग, नायिका पर्ल व्हाइट. पॉलीनला मोठा वारसा मिळणार आहे आणि तो तिच्या हाती पडण्याआधी तिचा काटा काढायचा असा तिच्या पालकाच्या चिटणीसाचा डाव आहे. या एका सुतावर वीस भाग उभे राहिले. पॉलीन बसलेला फुगा दोर सुटून आकाशात जातो. तिला कड्यावर, गुहेत, आगीत टाकले जाते. दर वेळी ती निसटते आणि दर वेळी नवा सापळा तयार असतो. यानंतर मालिकांचा पूर आला. युनिव्हर्सलची ‘द ब्रोकन कॉइन’ २२ भागांची होती. एडी पोलो, एल्मो लिंकन, रूथ रोलंड ही नावे त्या काळच्या पोरांच्या तोंडी असत.

मालिकेचा एक भाग साधारण दोन रिळांचा असे. हजार फुटांचे रीळ सोळा-सतरा मिनिटे चाले, म्हणजे भाग अर्ध्या तासाचा. पंधरा भागांच्या मालिकेची तीस रिळे आणि एकूण आठ तासांवर खेळ. अमेरिकेत आठवड्याला एक भाग, मुख्य चित्रपटाच्या आधी तोंडी लावायला दाखवत. भारतात मालिका हाच मुख्य खेळ होता. एका खेळात अनेक भाग सलग लावत आणि उरलेले पुढच्या आठवड्याला ठेवत. शेवट नेमका अशा ठिकाणी येई: नायिका रुळांना बांधलेली आहे, गाडीचा धूर वळणावर दिसतो आहे, नायक घोड्यावर आहे पण अजून दूर आहे. गाडी जवळ येते, नायिकेचा चेहरा पडदाभर होतो आणि रीळ संपते. पिटातून आरोळ्या, शिट्ट्या, बाकांवर पाय आपटणे. मग घरी जाताना वाटेत वाद. ती सुटणार कशी? दोर कोण कापणार? पुढचा आठवडाभर चाळीत, कारखान्यात, शाळेच्या पटांगणात हाच विषय.

पोथी ऐकणारा प्रेक्षक

हा प्रकार इथे इतक्या लवकर रुजला त्याला कारण आहे. भागाभागाने गोष्ट ऐकणे हे आपल्या अंगवळणी पडलेले होते. चातुर्मासात देवळात पोथी लागे. श्रीधरस्वामींचा ‘पांडवप्रताप’, ‘हरिविजय’, ‘रामविजय’ रोज एक-दोन अध्याय असा वाचला जाई. पुराणिकबुवा रंगलेल्या ठिकाणी पोथी बांधून ठेवत आणि ऐकणारे दुसऱ्या दिवशी वेळेआधी येऊन बसत. बंगालमध्ये कथक ठाकूर तेच करीत. गोष्टीचा शेवट सर्वांना ठाऊक असूनही उद्याच्या अध्यायाची ओढ कमी होत नसे. त्या श्रोत्याच्या पुढ्यात पॉलीनची गोष्ट आली तेव्हा त्याला वेशभूषा परकी वाटली असेल, रचना ओळखीचीच होती.

मराठी माणसाने हे लगेच हेरले. श्रीनाथ पाटणकर यांनी १९१८ मध्ये ‘राम वनवास’ हा चार भागांचा मूकपट काढला. भारतातली ही पहिली चित्रमालिका मानली जाते. अमेरिकी मालिकेचा साचा आणि रामायणाची गोष्ट यांचा हा मेळ. त्याच्या वर्षभर आधी दादासाहेब फाळक्यांच्या ‘लंकादहन’ने गिरगावात गर्दीचे उच्चांक केले होते. सकाळी सातला सुरू होणारे खेळ रात्री उशिरापर्यंत चालत. राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनीच केल्या होत्या. पडद्यावर रोज नवे काही हवे आणि तेही ओळखीच्या गोष्टीतले हवे, हे फाळके आणि पाटणकर दोघांनाही कळले होते. १९२९ मध्ये ‘हातिमताई’ही चार भागांत पडद्यावर आला.

सरकारची चिंता

मालिका बघणारा प्रेक्षक प्रामुख्याने स्वस्त तिकिटाचा होता: गिरणी कामगार, हमाल, टांगेवाले, विद्यार्थी, पलटणीतले शिपाई. शिकलेल्या मंडळींनी या चित्रांना हलके ठरवले. सरकारला वेगळीच काळजी होती. पडद्यावर गोऱ्या बाया पळतात, गोरे चोर गोऱ्या पोलिसांना बडवतात आणि हे सगळे काळी रयत चार आण्यांत बघते, याने राज्यकर्त्यांचा दरारा कसा टिकणार? शिवाय पडद्यावर अमेरिकी चित्रांचे वर्चस्व होते आणि ब्रिटिश चित्रे मागे पडत होती. १९२७ मध्ये दिवाण बहादूर टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली इंडियन सिनेमॅटोग्राफ कमिटी नेमली गेली. तिने देशभर फिरून ३५३ साक्षीदारांचे म्हणणे ऐकले. दिग्दर्शक, थिएटर मालक, सेन्सॉर अधिकारी, शिक्षक, पुढारी अशा सर्वांच्या साक्षी त्यात आहेत. सिनेमाने लोक बिघडतात हा आरोप कमिटीला टिकाऊ वाटला नाही. उलट देशी चित्रपट धंद्याला सरकारने हात द्यावा, अशी शिफारस तिने केली. सरकारने ती बासनात ठेवली. त्या साक्षींचे खंड मात्र आज त्या काळच्या प्रेक्षकाला भेटण्याची आपली सर्वांत मोठी खिडकी आहेत. ज्यांची कोणी नोंद घेत नव्हते त्यांच्या आवडीनिवडी त्यात सरकारी कागदावर उतरल्या आहेत.

त्या काळचे कोलकाता एका मुलाच्या डोळ्यांनीही दिसते. सत्यजित राय यांनी आपल्या बालपणाच्या आठवणींत लिहिले आहे की त्यांना ग्लोब थिएटरात ‘टार्झन’ बघायचा होता, तिकिटे संपली होती, म्हणून मामांनी दुसरीकडे नेऊन ‘काल परिणय’ हा बंगाली मूकपट दाखवला. भारतीय चित्रपटाला जगाच्या नकाशावर नेणारा दिग्दर्शक लहानपणी टार्झनच्या तिकिटासाठी चौरंगीच्या परिसरात हिरमुसला होता. मारधाडीच्या चित्रांना नाके मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पर्ल व्हाइटची भारतीय लेक

मालिकांनी आपल्याला आणखी एक देणगी दिली: धाडसी नायिका. १९१३ मध्ये फाळक्यांना तारामतीच्या भूमिकेसाठी एकही बाई मिळाली नव्हती. त्याच दशकात पडद्यावर पर्ल व्हाइट मोटार हाकत होती, भिंतींवरून उड्या मारत होती. ते बघत वाढलेल्या मुलांपैकी एक होते जे. बी. एच. वाडिया. त्यांनी आणि धाकटे बंधू होमी यांनी मूकपटाच्या अखेरच्या काळात ‘तूफान मेल’सारखे स्टंटपट काढले. पुढे त्यांना मेरी इव्हान्स भेटली. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये जन्मलेली, ब्रिटिश सैनिकाची मुलगी. वडील पहिल्या महायुद्धात पडले. मोठी झाल्यावर तिने सर्कशीत काम केले आणि एका नृत्यपथकाबरोबर लष्करी छावण्यांमध्येही खेळ केले. वाडियांनी तिला नादिया हे नाव देऊन १९३५ मध्ये ‘हंटरवाली’ काढला. दुष्ट वजिराने बापाला कैद केलेली राजकन्या रात्री मुखवटा चढवते, हातात चाबूक घेते आणि गरिबांच्या बाजूने लढते. चित्रपट पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला आणि पिटातल्या प्रेक्षकाने नादियाला डोक्यावर घेतले. पंधरा भागांची मालिका आता एका अडीच-तीन तासांच्या चित्रपटात सामावली होती. पाठलाग, सापळा, सुटका, पुन्हा सापळा हा क्रम मात्र तोच.

स्टंटपटाच्या या वाटेवर मराठी नाव ठळक आहे ते मास्टर विठ्ठल यांचे. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून ते मुंबईला गेले आणि शारदा फिल्म कंपनीच्या मूकपटांतून तलवारबहाद्दर नायक म्हणून गाजले. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला तेव्हा त्या पहिल्या भारतीय बोलपटाचा नायकही तेच होते.

बोलपट आला आणि मदन यांचे साम्राज्य ढासळले. जमशेटजी १९२३ मध्येच वारले होते. बोलणारा परदेशी सिनेमा भारतात प्रथम लागला तोही त्यांच्याच एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेसमध्ये, १९२८ च्या अखेरीस. पण शंभरावर थिएटरांत नवी ध्वनियंत्रे बसवायची तर पैसा प्रचंड हवा आणि जगभर मंदी आलेली. काही वर्षांतच एकेक थिएटर हातचे गेले. अमेरिकेत मालिका आणखी टिकल्या. १९३६ च्या ‘फ्लॅश गॉर्डन’चे तेरा भाग गाजले. मग घरोघरी टेलिव्हिजन आला आणि १९५६ मध्ये हॉलिवूडची शेवटची चित्रगृहासाठीची मालिका निघाली. भागाभागाची गोष्ट थिएटरातून उठून दिवाणखान्यात आली. मुंबईत टेलिव्हिजन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाला, कोलकात्यात ९ ऑगस्ट १९७५ ला. दूरदर्शनवर ‘हम लोग’ ७ जुलै १९८४ रोजी सुरू झाली तेव्हा वॉटसन हॉटेलातल्या खेळाला नेमकी ८८ वर्षे झाली होती.

उरले किती

भारतात सुमारे १,३०० मूकपट झाले. त्यातले आज पूर्ण किंवा तुकड्यांत मिळून तीसच्या आसपास उरले आहेत. हिरालाल सेन यांची सगळी चित्रे १९१७ मध्ये आगीत गेली, त्याच वर्षी ते स्वतःही गेले. पाटणकरांचा ‘राम वनवास’ आज पाहता येत नाही. कितीतरी रिळे चांदीसाठी वितळवली गेली, कितीतरी दमट कोठारांत कुजली. मदन कंपनीच्या १९१९ च्या ‘बिल्वमंगल’चा २८ मिनिटांचा भाग पॅरिसच्या संग्रहालयात सापडला आणि २०१६ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला मिळाला. पी. के. नायर यांनी आयुष्य वेचून उभे केलेल्या त्या संग्रहालयामुळेच फाळके आणि पेंटर यांचे जे काही उरले आहे ते आपल्याला दिसते.

एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेसची वास्तू २०१३ मध्ये पाडली गेली. पुण्याचे आर्यनही राहिले नाही. रिळे नाहीत, वास्तू नाहीत, मग उरतात ते कागद आणि आठवणी. मूकपट बघितलेली पिढी संपली. पण जत्रेतल्या तंबूत नादियाचे चित्रपट बघितलेले, रीळ तुटल्यावर आरडाओरडा केलेले, मातीवर बसून पहिला खेळ बघितलेले लोक अजून आपल्या घरात आहेत. त्यांना विचारा: तंबू कुठे लागे, तिकीट किती होते, बायका कुठे बसत, ऑपरेटर कोण होता, वाटेत काय बोलणे होई. ते तारीख-गावासकट लिहून काढा. जुने हँडबिल, तिकीट, गाण्यांची चोपडी, तंबूचा एखादा फोटो ट्रंकेत निघाला तर रद्दीत घालू नका, पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. चार आणेवाल्या प्रेक्षकाचा इतिहास त्याच्या वारसांनी लिहिला नाही तर तो कोणीच लिहिणार नाही.